जुन्या गाडीतलं कमी व्होल्टेज आणि साधा मल्टिमीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

बॅटरी नवी, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर व्यवस्थित, तरी डॅशबोर्डवरच्या व्होल्टमीटरचा काटा 12 च्या जरासा वर. रात्री वायपर रखडत चालायचे, ब्लोअर लावला की काटा आणखी खाली यायचा. जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना हा त्रास चांगलाच ठाऊक असेल. याचा छडा लावायला मी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला: ऑटो रेंज (मोजायची पट्टी आपोआप निवडणारी), दोन दशांशांपर्यंत रिडिंग, मिन-मॅक्सचं बटण (सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा लक्षात ठेवणारं), करंटसाठी 10 अँपिअरचं वेगळं सॉकेट. गेले काही महिने तो गाडीतच असतो.

सुरुवात बॅटरीच्या खांबांपासून करायची. प्रोब (मीटरच्या वायरचं धातूचं टोक) थेट शिशाच्या खांबावर टेकवायचा, वायरच्या क्लॅम्पवर नाही. खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच पांढरट थर साठलेला असतो आणि क्लॅम्पवर मोजलं तर तो दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. काही तास उभ्या असलेल्या गाडीत भरलेली 12 व्होल्टची बॅटरी साधारण 12.6 दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन जरा रेटून 13.8 ते 14.5 मिळालं तर चार्जिंग ठीक. माझ्याकडे 14.2 होतं. अल्टरनेटरऐवजी जुना डायनमो असलेल्या गाडीत मात्र स्लो आयडलला हेडलाइट लावून एवढ्याची अपेक्षा करू नका. त्या वेगाला डायनमो जेमतेम काही देतो, कट-आउट (डायनमोला बॅटरीपासून तोडणारा स्विच) उघडतो आणि गाडी बॅटरीवरच चालते. तो बिघाड नाही.

आता बॅटरीवर 14.2 आणि डॅशबोर्डवर 12 च्या जरासं वर, तर मधले व्होल्ट गेले कुठे? या प्रश्नाला या मीटरनं जे उत्तर दिलं, त्यासाठीच मी त्याची शिफारस करतोय.

बहुतेक जण काळा प्रोब बॉडीला लावून लाल प्रोबनं एकेक जागा तपासतात. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरमधली एकच तार शाबूत असली तरी लोड (दिवा, वायपर असं वीज खाणारं काही) चालू नसताना तिथे पूर्ण व्होल्टेज दिसतं. म्हणून लोड चालू ठेवायचा आणि मीटर वायरच्या दोन टोकांना लावायचा. जे रिडिंग येईल तेवढं व्होल्टेज त्या वायरनं, त्या जोडणीनं खाल्लं.

मी इंजिन चालू ठेवून हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर लावले. बॅटरीवर 13.9 राहिलं. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा डॅशबोर्डच्या व्होल्टमीटरच्या प्लसवर: 1.3 व्होल्ट. मग तुकडे पाडत गेलो. बॅटरीपासून इग्निशन स्विचपर्यंत 0.2. स्विचच्या आत 0.4. फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या टर्मिनलमध्ये 0.6! त्यापुढे 0.1. उरलेले 0.3 व्होल्ट अर्थच्या, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतायच्या बाजूला, डॅशबोर्डच्या मागच्या एका स्क्रूखाली.

फ्यूज शाबूत होता. काचेची नळी काढली तेव्हा पितळी क्लिपवर हिरवट-काळा थर दिसला. क्लिप बोटाला गरम लागत होती, म्हणजे ते 0.6 व्होल्ट तिथेच उष्णता होऊन जात होते. मागचा रिव्हेटही सैल झालेला. बारीक पॉलिश पेपरनं घासून, क्लिप दाबून घट्ट केली आणि रिव्हेटला सोल्डर दिलं, तर तिथलं रिडिंग 0.05 वर आलं. स्विचवरचा भार कमी करायला रिले (मोठा करंट स्वतःमधून नेणारा वेगळा स्विच) बसवला, अर्थचा स्क्रू खालचा रंग खरवडून पुन्हा आवळला. त्याच लोडवर डॅशबोर्डच्या व्होल्टमीटरला आता 13.4 मिळतात. वायपरचा फरक तर मीटरशिवायही कळतो.

मिन-मॅक्सचा उपयोग सेल्फ मारताना झाला. स्टार्टर फिरत असताना बॅटरी 9.6 च्या खाली जाऊ नये, माझी 10.1 वर थांबली. पण इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा मायनस यांच्यात 0.8 व्होल्ट आले. हा आकडा फार मोठा आहे, दोष इंजिनच्या अर्थ पट्टीचा (इंजिनला बॉडीशी जोडणारी जाड पट्टी). पट्टी खराब झाली की स्टार्टरचा करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो, आणि केबल तापते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल कोमट लागत असेल तर आधी ही पट्टी बघा. एक मर्यादा आहे: साध्या मीटरचं मिन-मॅक्स सेकंदात काहीच वेळा वाचतं, त्यामुळे स्टार्टर फिरायला लागतानाचा पहिला झटका त्यात पकडला जात नाही.

तक्रारी आहेत. सोबतच्या लीड (मीटरच्या वायरी) आखूड आणि कडक आहेत. बॅटरी मागे डिकीत असेल तर त्या पुरणारच नाहीत. मगरचिमट्याच्या लांब लीड वेगळ्या घ्याव्या लागतात. प्रोबची टोकं जाड, बुलेट कनेक्टरच्या (वायरींच्या गोल जोडणीच्या) आत जात नाहीत. काम रेंगाळलं की मीटर आपोआप बंद होतो आणि नोंदलेलं मिन-मॅक्स पुसलं जातं, हे फार चिडचिड करणारं आहे. मीटरमधली बॅटरी उतरली की आकडे चुकतात, तेव्हा स्क्रीनवरच्या चिन्हाकडे लक्ष ठेवा. अचूकता साधारण अर्धा टक्का, त्यामुळे 14.1 की 14.2 यावर डोकेफोड नको.

10 अँपिअरच्या सॉकेटबाबत मात्र कडक राहा. ते गाडी बंद असताना कुठे करंट गळतोय का, हे बघण्यापुरतंच. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. त्या जोडणीत कधीही सेल्फ मारू नका, स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. आणि काम झालं की लाल लीड लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावा. ती तिथेच राहिली आणि प्रोब बॅटरीच्या खांबांना टेकवले, तर तो सरळ शॉर्ट सर्किट असतो.