उन्हाळ्यात कोंबडी खुडूक झाली: बसवायची, उठवायची की अंडी मशीनला लावायची?

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसू लागली, हे कुणी सांगावं लागत नाही. खुराड्यात हात घातला की पिसं फुलवून अंगावर येते. दिवसातून एकदा उठते, भलीमोठी वास मारणारी शीट टाकते, घाईघाईने चार दाणे टिपते आणि परत जाऊन बसते. तुरा फिका पडलेला, पोटाखालची पिसं उपटलेली. थंडीत असं झालं की फार विचार करायचा नसतो. दहा-बारा अंडी खाली सारायची आणि एकविसावा दिवस मोजायचा. कोडं पडतं ते मार्चअखेरपासून पुढे, कारण तेव्हा समोर तीन वाटा असतात आणि प्रत्येकीचा हिशोब गावागणिक बदलतो.

माझं मत आधीच सांगते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात मार्च संपल्यावर गावठी कोंबडी अंड्यांवर बसवू नये, खुडूक मोडावी. कोकणात आणि गोव्यात एप्रिलच्या मध्यापर्यंत खुशाल बसवावी, त्यानंतर नाही. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात सावलीची, मातीच्या भिंतीची जागा असेल तर कोकणासारखं वागावं. पत्र्याचं खुराडं असेल तर विदर्भासारखं.

बसवली तर

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं, एवढंच तिच्या हातात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी पारा ४३-४५ वर असतो. अशा वेळी खुडूक कोंबडी बघा: ती अंड्यांवर बसलेली नसतेच, वर अर्धवट उभी असते, गळा धडधडत असतो. ती अंडी उबवत नाही, त्यांच्यावर सावली धरते. बिचारी तिच्या परीने बरोबरच करत असते. अंड्यातल्या जीवाला साधारण साडेसदतीस अंश लागतात. चाळिशीच्या वर काही तास गेले की तो दगावतो.

त्यात शेवटचा आठवडा अवघड. वाढलेलं पिल्लू स्वतःच उष्णता टाकायला लागतं, म्हणजे खालून अंडी तापतात आणि वरून हवा. म्हणून उन्हाळ्यात बसवायचीच असेल तर बाराऐवजी सात-आठ अंडी ठेवा. कोरड्या हवेचा त्रास वेगळा. अंड्यातलं पाणी जास्त उडतं, पडदा चिवट होतो आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू टोच मारूनही बाहेर येऊ शकत नाही, आतच चिकटून मरतं. यावर जुना उपाय चांगला आहे: पाटीत खाली ओलसर मातीचा थर, त्यावर सुकं गवत, मग अंडी. माती सुकली की पाटीच्या कडेने थोडं पाणी सोडायचं. गवतात निर्गुडीचा पाला मिसळला तर उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. या दिवसांत त्या इतक्या माजतात की कोंबडी अंडी सोडून पळते. पाणी आणि ज्वारी किंवा कणी तिच्यापासून दोन हातांवर ठेवा, नाहीतर ती उपाशी बसून राहील.

कोकणात हे सगळं सोपं जातं. रत्नागिरीत मे महिन्यातही पारा ३३-३४ च्या घरातच असतो आणि हवेत दमटपणा भरपूर. अंडी उबायला ही हवा विदर्भापेक्षा कितीतरी बरी. पण तिथे अडचण मागून येते. पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात धो धो सुरू होतो. १० मेला बसवलेल्या कोंबडीची पिल्लं ३१ मेच्या सुमाराला निघणार, म्हणजे ओल्या अंगणात, भिजलेल्या तुसात ती अवघी दोन आठवड्यांची असणार. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते ती अशाच ओलीत. एप्रिलच्या मध्यापूर्वी बसवली तर पावसाआधी पिल्लं महिन्याची होतात आणि बरीचशी तगतात.

विकायच्या दृष्टीनेही तारखा महत्त्वाच्या. गावठी कोंबडा हातात धरण्याजोगा व्हायला चार-पाच महिने लागतात. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत बसवलेली पिल्लं आखाडात तयार होतात, आणि गावठी कोंबड्याला गटारीच्या आधी जो भाव मिळतो तो वर्षभरात क्वचित मिळतो. मे महिन्यात बसवलेली तयार होतात दसरा-दिवाळीला. तोही हंगाम वाईट नाही, पण मधला अख्खा पावसाळा पिल्लांना काढावा लागतो.

उठवली तर

खुडूक मोडायचे गावातले प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत: नाकात पीस खुपसणं, पाय बांधून ठेवणं, बादलीत बुडवणं. पहिले दोन मला पटत नाहीत, उन्हाळ्यात तर अजिबात नाहीत. जी कोंबडी धापा टाकूनच जिवंत राहते तिची नाकपुडी बंद करायची, ही कुठली रीत? बुडवण्याने तात्पुरती गार होते आणि पिसं वाळली की परत खुराड्यात शिरते.

काम होतं ते पोटाखालून वारं खेळवल्याने. भाजीचं जाळीदार प्लास्टिक क्रेट दोन विटांवर ठेवा, त्यात कोंबडी, वरून दुसरं क्रेट पालथं. गवत नाही, गोणपाट नाही, बसून ऊब धरायला काहीच नाही. दाणा-पाणी मात्र भरपूर. सावलीत, बाकीच्या कोंबड्या दिसतील अशा जागी तीन-चार दिवस, रात्रंदिवस. भर मे महिन्यात खालून येणारी हवाच गरम असते, त्यामुळे दोन दिवस जास्त लागतात. रात्री क्रेट उघड्यावर ठेवलं तर लवकर गुण येतो, फक्त मांजर-मुंगसापासून जपा. बसल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी उचलली तर लवकर सुटते. आठवडाभर बसू दिली तर तिचा हट्ट मुरतो. सोडल्यावर संध्याकाळी ती खुराड्यातल्या गवताकडे न जाता दांडीवर चढली की समजायचं, सुटली.

आता फायदा किती? बसवली तर २१ दिवस उबवण्यात आणि पुढे दीडदोन महिने पिल्लांमागे जातात. म्हणजे जवळजवळ तीन महिने अंडं नाही. मोडली तर दोन-तीन आठवड्यांत ती परत अंड्यावर येते. कागदावर हे झकास दिसतं, पण उन्हाळ्यात कोंबडी खातेच कमी, म्हणून अंडीही कमी. धापा टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यामुळे टरफलाला लागणारा कॅल्शियम कार्बोनेट नीट तयार होत नाही आणि अंडी पातळ कवचाची येतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला तर थोडा फरक पडतो. दाणे पहाटे आणि दिवस मावळताना टाकले तर जास्त. शिवाय ‘अंडी उष्ण पडतात’ म्हणून गिऱ्हाईकही या दिवसांत हात आखडता घेतं. तरी विदर्भात मी मोडण्याच्याच बाजूची आहे. तिथे कारण अंड्यांचं नाही, कोंबडीचं आहे. महिनाभर अर्धपोटी, एका जागी, ४४ अंशांत बसलेली कोंबडी उष्माघाताने जाते, आणि अंडीही तिच्याबरोबर.

मशीनला लावली तर

घरगुती इन्क्युबेटरबद्दल, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीबद्दल, मोठा गैरसमज असा की त्यात तापमान आपोआप सांभाळलं जातं. सांभाळलं जातं, पण एकाच बाजूने. त्यात तापवायची सोय असते, गार करायची नसते. खोलीच ४१ अंशांवर गेली की थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो आणि मग त्याच्या हातात काही उरत नाही. पेटीही ४१ वर. वीज गेली तर पंखाही बंद. थंडीत तासभर वीज गेली तर अंडी सहन करतात, उन्हाळ्यात पत्र्याखाली तोच तास महागात पडतो. मशीन घ्यायचं असेल तर कूलर चालणारी, जाड भिंतीची खोली आणि इन्व्हर्टर आधी बघा, पेटीची किंमत नंतर. कोकणात खोलीचं तापमान अडत नाही, तिथे वीजच बघावी लागते. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. दमट गावात सुरुवातीला पाण्याचं भांडं रिकामंही ठेवावं लागेल.

दहा-वीस अंड्यांसाठी मी मशीन घेणार नाही. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून घेतलं तर गोष्ट वेगळी.

मशीन असो की कोंबडी, उबवायची अंडी साठवताना बहुतेकांचं चुकतं. फळलेल्या, म्हणजे कोंबड्याच्या संगतीने पिल्लू धरू शकणाऱ्या, अंड्यातला जीव विशीच्या पुढच्या तापमानात हळूहळू हलायला लागतो. फळीवर ३६ अंशांत आठवडाभर ठेवलेलं अंडं अर्धवट वाढून मेलेलं असतं, मग त्याच्यावर कोण बसतं याला अर्थ नाही. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनं अंडं उबवायला घेऊ नका. माठात तळाला ओली वाळू, त्यावर सुकं गवत, अंडी निमुळतं टोक खाली करून, तोंडाला ओलं फडकं. कोरड्या हवेत हा माठ चांगलाच गार राहतो, दमट कोकणात तेवढा नाही. सातव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठेवा, नितळ असेल किंवा आत नुसतं लाल कडं असेल तर काढा.

खायची अंडी आणि कोंबडा

हेच कारण खायच्या अंड्यांनाही लागू आहे. मे महिन्यात गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं: ताजं म्हणून दिलेलं अंडं वाटीत फोडलं तर बलकावर लाल धाग्यांचं जाळं. अंडं जुनं असेलच असं नाही. ते फळलेलं होतं आणि दोन-तीन दिवस गरमीत पडून होतं, एवढंच. अंडी विकायचीच असतील आणि पिल्लं नको असतील तर उन्हाळ्यापुरता कोंबडा वेगळा ठेवणं सगळ्यात स्वस्त. मात्र त्याला हलवल्यावरही दोन-तीन आठवडे अंडी फळलेलीच येतात, म्हणून हे मार्चमध्येच करा. कोंबडा ठेवायचाच असेल तर अंडी सकाळ-दुपार दोनदा उचला आणि न धुता फ्रिजमध्ये टाका. वेळेवर उचललेल्या अंड्यांचा आणखी एक उपयोग: खुराड्यात ढीग साचला नाही तर कोंबड्या कमी खुडूक होतात. ग्रामप्रिया, वनराजा, गिरिराज या सुधारित जातींना बसायची खोड फारशी नसते, त्यामुळे ही सगळी उठाठेव मुख्यतः गावठीची.

चौथी वाट

बसायला हट्टी कोंबडी आहे, पिल्लंही हवीत, पण हवेत अंडी टिकणार नाहीत, अशांनी एक करून बघावं. तिच्याखाली दोन-तीन खोटी अंडी ठेवा. तिला सावलीत, हवेशीर जागी पंधराएक दिवस बसू द्या आणि मग विकत आणलेली एक दिवसाची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवा. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी हॅचरीही असतात. पावसाआधी पिल्लं महिन्याची होतील, हे इथेही पाळायचं. पाच ते सात दिवसांची झाली की मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस द्यायची. पिल्लं सरकवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तासभर तिथेच उभं राहा. तिने पिल्लांना हाक घालून पंखाखाली घेतलं तर काळजी नाही. चोचीने हुसकावू लागली तर लगेच पिल्लं काढा. तेवढ्यासाठी खोकं आणि बल्ब आदल्या रात्रीच तयार ठेवा.