टाकीवाली कुंडी: पुदिन्याला उत्तम, रोझमेरीला घातक

या कुंडीत झाड पाणी वरून नाही, खालून पितं. तळाशी टाकी, तिच्यावर जाळीदार कप्पा आणि कप्प्याचे दोन पोकळ पाय टाकीच्या तळापर्यंत उतरलेले. पायांत भरलेलं मिश्रण वातीसारखं पाणी ओढतं, त्यामुळे सगळा भरवसा मिश्रणावर. बागेतली माती भरली तर ती दाबून बसते, हवा खेळत नाही आणि मुळं कुजतात. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) घ्या. पाय आधी ओल्या मिश्रणाने नीट दाबून भरा. तिथे पोकळी राहिली की टाकी भरलेली असूनही झाड सुकतं. लोक मग कुंडीलाच नावं ठेवतात, ते बरोबर नाही. रोप लावल्यावर पहिले दोन आठवडे तरी पाणी वरूनच घाला. मुळं खाली उतरेपर्यंत टाकीचा उपयोग नाही.

बेसिल, पार्सली, पुदिना इथे खरंच जोमाने वाढतात. पुदिन्याला मात्र स्वतंत्र कुंडी द्या, त्याची धावती खोडं शेजाऱ्यांना जगू देत नाहीत. कोथिंबिरीचं सोटमूळ हलवलेलं सोसत नाही, म्हणून धणे थेट पेरा. रोझमेरी, थाइम, सेज ही भूमध्य सागराकाठच्या कोरड्या उतारांवरची झाडं. दोन पाण्यांच्या मधे त्यांची मुळं सुकावी लागतात, आणि ही कुंडी नेमकं तेच होऊ देत नाही. त्यांच्यासाठी ती घेऊच नका.

बेसिल खुडताना पानांच्या जोडीच्या किंचित वर कापा. त्या पेरातून दोन फांद्या फुटतात. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. तुरा दिसला की लगेच खुडा, नाहीतर नवी पानं बारीक येतात आणि चव उतरते.

उणिवाही आहेत. पाणी दाखवणारा तरंगता काटा मुळं शिरली की अडकतो. पाणी खालूनच चढत असल्याने क्षार वर साचून पांढरा थर येतो. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून ते टाकीच्या बाजूला जादा पाण्यासाठी असलेल्या भोकातून वाहू द्या. ते भोक बुजलं तर पावसात मुळं बुडतात. पाणी भरायच्या तोंडाला झाकण नसेल तर टाकीत डास होतात, तिथे बारीक जाळी बसवा. पारदर्शक टाकीचं मॉडेल टाळा, उजेडाने आत शेवाळ धरतं.