टर्बो बदलला म्हणून ३८,००० घेतले, फुटला होता होज पाइप

ऑगस्टमध्ये पुण्याहून कराडकडे गावी जाताना खंबाटकी घाटात माझ्या गाडीने मान टाकली. तेराशे सीसीची डिझेल गाडी, १,१२,००० किलोमीटर झालेली, पण या घाटात कधी अडली नव्हती. त्या दिवशी अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून हवा सुटल्याचा 'फुस्स' आवाज, मागे काळा धूर आणि डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाइट. शेजारी आई बसलेली, मागे ट्रकांची रांग. दुसऱ्या गिअरवर कसाबसा घाट चढलो.

पुण्यात परतल्यावर गाडी घराजवळच्या एका गॅरेजात दिली. प्रकरण अजून चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला आणि मालक लगेच म्हणाला, "टर्बो गेला." टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. आता मला कळतंय की तो कोड एवढंच सांगतो : टर्बोचं प्रेशर हवं तेवढं तयार होत नाही. टर्बो खराब आहे, पाइप फुटलाय की क्लिप सैल आहे, हे त्या कोडवरून कळत नाही. पण त्यानंतर त्याने जे केलं त्याने मी घाबरलो. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) पाइप काढून आत बोट फिरवलं आणि तेलकट काळं बोट माझ्यासमोर धरलं. "बघा साहेब, टर्बो ऑइल फेकतोय. असंच चालवलंत तर इंजिन ते ऑइल ओढणार, मग इंजिनचंच काम निघेल."

हे नीट लक्षात ठेवा. डिझेल इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेलाची वाफ याच पाइपांच्या वाटेने जाते, त्यामुळे पाइपला आतून तेलाचा पातळ थर असतोच. ऑइल साचलेलं असेल, थेंब गळत असतील तर गोष्ट वेगळी. बोटाला लागलेलं काळं हा टर्बो गेल्याचा पुरावा नव्हे.

रिकंडिशन्ड, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेल्या, टर्बोचे ३८,००० ठरले, जुना टर्बो 'एक्स्चेंज'मध्ये त्यांनी ठेवायचा. तीन दिवसांनी गाडी मिळाली. लाइट गेलेली, शहरात गाडी बरी वाटली. सिग्नल ते सिग्नल चालवताना टर्बोवर पूर्ण जोर येतच नाही, म्हणून मला संशय आला नाही. दिवाळीला पुन्हा खंबाटकी, पुन्हा तोच 'फुस्स'.

कराडला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाइप काढला आणि टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीची टोपी क्लिपने आवळली. टोपीला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. त्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडली, १५ पाउंडांच्या पुढे जाऊ दिली नाही. स्प्रेच्या बाटलीतलं साबणाचं पाणी एकेका जोडावर मारत गेले. टर्बोतून निघणारा पाइप जिथे इंटरकूलरच्या रबरी होजला जोडतो, तिथे खालच्या अंगाला फेस उसळला. "हितं हात लावा," मामा म्हणाले. बोटाला थंड हवेची धार लागली. होज काढला तर क्लिपच्या कडेने रबर बोटभर चिरलेलं. गाडी नुसती चालू असताना चीर मिटलेली राहायची, प्रेशर आलं की उघडायची. इंजिनला हवा कमी पडायची, म्हणून काळा धूर.

मग त्यांनी टॉर्च टर्बोवर धरली. नटांवर कंपनीने मारलेल्या पिवळ्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या, नट आणि पत्र्यामधला गंजसुद्धा तुटला नव्हता. "ह्यो टर्बो गाडी आल्यापासनं कुणी खोललेला न्हाई." टोपी काढून मला बोटाने शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, हलवून बघायला लावला. त्यात जास्तीचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, नव्हता.

नवा होज १,४५०, दोन क्लिपा २४०, मजुरी ३००. पाइपचं तोंड त्यांनी पेट्रोलच्या फडक्याने कोरडं होईपर्यंत पुसलं, कारण तेलकट राहिलं तर रबर सरकतं. पाइपच्या टोकाला उंचवट्याची कड असते. होज त्या कडेच्या पार आत ढकलून क्लिप कडेच्या मागे आवळली. क्लिप कडेवरच बसली तर पहिल्याच चढाला पाइप निसटतो. पाऊण तासात काम झालं.

कोणी टर्बो बदला म्हणालं तर आधी हवेची ही टेस्ट आपल्यासमोर करून घ्या आणि शाफ्टचा खेळ स्वतः बघा. टर्बोवर नंबरांची छोटी पट्टी असते, तिचा फोटो काम देण्याआधी आणि झाल्यावर काढा. जुना पार्ट डिकीत टाकून घरी आणा, एक्स्चेंजचे पैसे कापले जाणार असले तरी तो निदान डोळ्यांनी बघा.

गॅरेजमालक म्हणतो, "दुसरीकडे खोललीत, आता गॅरंटी नाही." खुणांचे फोटो दाखवले तर फोन ठेवून दिला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची असते आणि मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. माझी कमजोर बाजू बिलाची आहे. साध्या कागदावर 'टर्बो काम' एवढंच लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही, पैसे मालकाच्या खासगी नंबरवर गेलेले. तो कागद, पैसे पाठवल्याची नोंद आणि चिरलेला होज एका पिशवीत ठेवलाय, सोमवारी वकिलांकडे नेतोय.