रात्री आठ ते दहा: मालिका, बीजीएमआय की सेलिब्रिटींचे रील?

रात्रीचे आठ ते दहा मोकळे आहेत आणि ते सत्कारणी लावायचे नाहीत, एवढं पक्कं झालं असेल तर पुढे वाचा. जेवणानंतर चालायला जाऊ, राहिलेली पुस्तकं वाचून काढू, असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांना शुभेच्छा.

पर्याय तीन. टीव्हीवरची मालिका (बिग बॉस त्यातच धरलंय), मोबाइलवरचा बीजीएमआय (पबजी या गोळीबाराच्या गेमचा भारतीय अवतार), आणि कोण विमानतळावर कुठल्या चपला घालून उतरलं ते इन्स्टाग्रामवर बघणं. वेळ तिन्हींत सारखाच वाया जातो, म्हणून तो निकष बाद. मी एवढंच बघितलं की कुकरची तिसरी शिट्टी झाली तर उठता येतं का.

यात मालिकेचा हात कोणी धरू शकत नाही. उठा, गॅस बंद करा, कोथिंबीर निवडा, मावशीशी दोन शब्द बोला, दहा मिनिटांनी परत या. जिच्या कानाखाली बसणार होती तिच्या अजून बसतेच आहे. एकच थप्पड तीन बाजूंनी तीनदा, मग विजेचा कडकडाट, मग घरातल्या प्रत्येकाचा चेहरा जवळून. ज्याचा प्रकरणाशी काडीचा संबंध नाही त्या माळीबुवांचाही. तेवढ्यात जाहिराती. जाहिरातींनंतर तीच थप्पड पुन्हा, कारण मधल्या वेळात तुम्ही विसरला असाल. खलनायिका रात्री दोन वाजता नथ, गजरा आणि पैठणीसकट झोपलेली असते. कारस्थान कधी सुचेल सांगता येत नाही, तयार असलेलं बरं.

अडचण एकच, मालिका संपत नाही. 'चार दिवस सासूचे' 2001 मध्ये सुरू झाली आणि 2013 मध्ये संपली, तीन हजारांवर भाग. 'आई कुठे काय करते' 2019 च्या डिसेंबरात सुरू झाली. मधे करोना आला, गेला, आणि 2024 च्या नोव्हेंबरात नायिका अरुंधती मोकळी झाली. मूळ गोष्ट बंगाली, हिंदीत तिचीच 'अनुपमा'. म्हणजे दोन्ही वाहिन्या बघणाऱ्या घरांत बाहेरख्याली नवरा एकच, फक्त दोन भाषांत खोटं बोलणारा. आठवड्यातून एक भाग बघा, काही चुकत नाही. महिन्यातून एक बघितलात तर फार तर एखाद्या पात्राचा चेहरा बदललेला असेल, आणि तो प्लास्टिक सर्जरीनं बदलला असं कोणीतरी सांगेलच.

बिग बॉसला उठता येतं, पण मन तिथेच राहतं. 1999 मध्ये नेदरलँड्समधे निघालेली ही कल्पना 2006 मध्ये हिंदीत आली आणि 2018 मध्ये मराठीत. माणसांना फोन, टीव्ही, पुस्तक काहीही न देता एका घरात कोंडलं तर ती चहापत्तीवरून भांडतात, हा शोध आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात फार आधी लागला होता. आपण कॅमेरे लावले नाहीत एवढंच. आठवडाभर बघण्याची गरज नाही. शनिवार-रविवारी सूत्रसंचालक येऊन सगळ्यांना झापतो, त्यातच कोण काय बोललं ते कळतं. आधी ही झापाझापी महेश मांजरेकरांची 'चावडी' होती, 2024 मध्ये रितेश देशमुखचा 'भाऊचा धक्का' झाला. त्या पर्वात बारामतीजवळच्या मोढवे गावचा रीलस्टार सूरज चव्हाण जिंकला. बारा वर्षं प्रायोगिक रंगभूमीवर घाम गाळणाऱ्यांनी हे वाक्य सोडून पुढे जावं.

आता गेम. इथे शिट्टीचा निकष लावला की खेळ खलास. शंभर जण विमानातून उड्या मारतात, शेवटचा उरतो तो जिंकतो, आणि मोठ्या नकाशावर याला साधारण अर्धा तास लागतो. हा अर्धा तास थांबवता येत नाही. स्क्वॉडमधे तुमच्याशिवाय तिघं असतात, त्यातला एक आठवीतला भाचा. एरवी नमस्कार करणारा हा मुलगा इथे "मामा, झोपलास का, कव्हर दे ना!" असं ओरडतो, आणि तुम्ही "आलो रे, वरण लागतंय" म्हणालात तर त्याच्या नजरेतून कायमचे उतरता. बरोबर शेवटच्या झोनमधे (आक्रसत गेलेल्या वर्तुळात) पिंग, म्हणजे नेटला लागणारा उशीर, दोनशेच्या वर जातो, तो वेगळा.

सरकारी कृपाही लहरी. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै 2021 मध्ये तोच संसार नवं नाव घेऊन उभा राहिला, जुलै 2022 मध्ये पुन्हा गायब, मे 2023 मध्ये पुन्हा हजर. परतताना वेळेचं बंधन घालून आला: अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा. सलग सहा तास कामावर कोणी बसत नाही, इथे ती मर्यादा म्हणून घालावी लागली.

पैसे लागत नाहीत म्हणतात, तेही अर्धंच खरं. भावाच्या लग्नात मागच्या दिवाळीचा शर्ट चालवणारा माणूस गेममधल्या बाहुल्याच्या जाकिटासाठी यूसी (गेममधलं चलन) विकत घेतो. तरीही एक कबूल करायला हवं: तिघांत डोकं इथेच लागतं. डाव हरला तर तुमच्या चुकीनं हरतो, पटकथाकाराच्या नाही. रमीच्या जाहिरातवाल्यांनाही 'गेम'च म्हणायचे, पण तो प्रकार वेगळा. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर 2025 च्या ऑगस्टमधे कायद्यानंच बंदी आली, आणि जाहिरातीतले नट दुसऱ्या दिवशी बनियन विकायला मोकळे झाले.

राहिले सेलिब्रिटी. उठायला इथे काहीच आडकाठी नाही, तरी मी याला शेवटचा नंबर देतो, कारण तुम्ही उठलात की हे तुमच्याबरोबर उठतं. एका हातात झारा, एका हातात कोणाच्या तरी बाळाचा पहिला वाढदिवस. 2018 मध्ये केरळच्या एका दुकानात सैफ-करीनाच्या तैमूरची बाहुली विकायला आली होती, तेव्हा पोरगं दोन वर्षांचंही नव्हतं. जुलै 2024 मध्ये अंबानींच्या लग्नासाठी मुंबईतल्या बीकेसीतले (वांद्रे-कुर्ला संकुलातले) रस्ते चार दिवस दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत सामान्य वाहनांना बंद होते. वळसा घालताना अडकलेली मंडळी वेळ जावा म्हणून फोनवर तेच लग्न बघत असणार. आहेर नाही, जेवण नाही, आणि वरात मात्र आपल्या रस्त्यावरून.

तर स्वयंपाक तुमच्याकडे असेल तर मालिका घ्या. वाढलेलं ताट समोर येत असेल तर गेम, फक्त त्या अर्ध्या तासात आमटी गार झाली तर बोलायचं नाही. शनिवार-रविवारी भांडणाची हौस असेल तर बिग बॉस. आणि टीव्ही एकच, रिमोट सासूबाईंच्या उशीखाली अशी परिस्थिती असेल तर दहापर्यंतचा निर्णय झालेला आहे, हेडफोन तेवढे चार्ज करून ठेवा.