सात महिने बदामाचं दूध, आणि पुन्हा १२० मिलीवर

रक्ताच्या रिपोर्टात फॉस्फरस ५.६ आलं आणि माझं डोकंच फिरलं. साधारण २.५ ते ४.५ च्या आत असावं लागतं. किडनीच्या आजाराची चौथी स्टेज कळल्यापासून, फॉस्फरस वाढू नये म्हणून, सात महिने मी गाईच्या दुधाला हात लावला नव्हता. सगळं खोक्यातल्या बदामाच्या दुधावर चाललं होतं.

त्या दुधाची चव मला आवडली, हे आधी सांगते. उकळत्या कॉफीत ते फुटतं. कॉफी जरा निवली की घालायचं. ग्लासभरात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, गाईच्या दुधात आठ. मला प्रथिनं बेतानंच सांगितली आहेत, त्यामुळे तेही सोयीचं. (डायलिसिसवर असलेल्यांना उलट जास्त लागतात, त्यांनी माझं बघून काही ठरवू नका.)

रिपोर्टानंतर खोकं उजेडात धरलं. घडीच्या कडेला, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत लिहिलेलं: ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. कॅल्शियम वाढवायला घालतात. दुधातलं मूळचं फॉस्फरस शरीर साधारण निम्मंच शोषतं; वरून घातलेल्या फॉस्फेटचं शोषण बरंच जास्त होतं. काही खोक्यांवर नाव नसतं, नुसता ३३९, ३४० किंवा ३४१ असा आकडा असतो. तोही फॉस्फेटचाच. पुढे ‘कॅल्शियमयुक्त’ एवढं ठळक छापता, मग हे का लपवता? कंपनीला विचारलं, एका ग्लासात फॉस्फरस किती? उत्तरात कॅल्शियमचा आकडा आला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

आहारतज्ज्ञ बाईंना खोकं दाखवलं. त्या म्हणाल्या, “दूध पूर्ण बंद करा असं तुम्हाला सांगितलं कोणी?” कोणीच नव्हतं. मीच धरून चालले होते. त्यांनी माझं पोटॅशियम पाहिलं आणि दिवसाला १२० मिली दूध लिहून दिलं. एवढ्यात फॉस्फरस सव्वाशे मिलिग्रॅमच्या आतबाहेर. साय काढली तरी ते कमी होत नाही, फक्त स्निग्धांश जातो. माझा हा गैरसमज फार जुना होता.

आता सकाळीच मापाच्या कपानं १२० मिली काढून बाटलीत भरते. दोन कॉफ्यांना ३०-३०, उरलेलं जेवताना, कारण अन्नातलं फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी गोळी जेवणासोबतच असते. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचं दूध संपलं. पाण्याचं बंधन असेल तर हेही त्यातच मोजायचं.

दीड महिन्यानं ४.७ आलं. गोळीही याच काळात सुरू झाली, त्यामुळे श्रेय एकट्या दुधाचं नाही.

बदामाचं दूध वाईट, असं मात्र आता म्हणणार नाही. फॉस्फेट न घातलेलं एक सापडलंय, ते अधूनमधून घेते. जुन्याची तीन न फोडलेली खोकी कपाटात आहेत. फेकायला जीव होत नाही, प्यायचा तर प्रश्नच नाही. कंपनीला चौथी मेल काल पाठवली. एका ग्लासात किती मिलिग्रॅम, एवढाच आकडा हवाय.