जुन्या सीडी लिनक्सवर उतरवायला सीडीपॅरानोइया की व्हिपर?

फोंड्याच्या घरात पडून असलेल्या नाट्यगीतांच्या, भजनांच्या सीडी उतरवायच्या असतील, तर आधी पावसाळ्यात धरलेली बुरशी काढा. मऊ फडकं, साबणाचं पाणी. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही.

सीडीपॅरानोइया आणि व्हिपर हे दोन्ही सीडीवरची गाणी संगणकात फाइल म्हणून उतरवणारे प्रोग्राम. मेहनत सीडीपॅरानोइयात कमी. बॅचचा पर्याय दिला की प्रत्येक गाण्याची वेगळी वेव्ह फाइल होते, नावं मात्र हातानं द्यायची. व्हिपरला आधी ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे तो वाचताना किती पुढं-मागं सरकतो तो आकडा, लागतो. तो शोधायला अ‍ॅक्युरेटरिप या उतरवलेल्या सीडींच्या ऑनलाइन यादीतली एखादी गाजलेली सीडी हवी. स्थानिक सीडी तिथं सहसा सापडत नाहीत.

खात्रीत व्हिपर सरस. तो प्रत्येक गाणं दोनदा वाचून चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवतो, म्हणून यादीत नसलेली सीडीही तपासली जाते. सीडीपॅरानोइया खराब जागी एरवी २० वेळा प्रयत्न करून पुढं सरकतो. प्रगतिपट्टीत इंग्रजी ‘व्ही’ उमटला की तिथं दुरुस्त न झालेली चूक राहिली. ते गाणं वाचनाचा वेग ४ पटीवर आणून पुन्हा काढा.

ड्राइव्ह उघडायची परवानगीच नाकारली, तर डेबियन-उबंटूवर आपला युजर ‘सीडीरॉम’ गटात आहे का ते बघा.

स्वच्छ सीडींचा कायमचा संग्रह करायचा असेल तर व्हिपर. ओरखडलेल्या सीडीतून निघेल तेवढं वाचवायचं असेल तर सीडीपॅरानोइया.