ट्रॅव्हलर: कोर्टमार्शल झालेल्या पायलटचं पुढं काय?

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांत नायक बहुधा कोरी पाटी घेऊन येतो. वीस वर्षांचा, हातात शस्त्र, पाठीमागं काही नाही. ‘ट्रॅव्हलर’मध्ये पात्र टेबलावर येतं तेव्हा चाळिशीला टेकलेलं असतं, नोकरी सुटलेलं किंवा सोडायला लावलेलं, आणि बऱ्याचदा डोक्यावर कर्ज असलेलं. मार्क मिलर यांनी १९७७ साली काढलेला हा अमेरिकन खेळ. आज सर्रास चालते ती ब्रिटनच्या मोंगूस पब्लिशिंगची दुसरी आवृत्ती, २०१६ची, २०२२ साली सुधारलेली. नौदलातून हाकललेला आंतरतारकीय जहाजाचा पायलट पुन्हा मान कसा मिळवतो, ही गोष्ट खेळायची असेल तर हा खेळ घ्यावा का, एवढंच इथं तपासलं आहे. पाडायचं काम तो चोख करतो. उठवायचं काम मात्र तुमच्यावर टाकून मोकळा होतो.

आधी पाडायचं पाहू. सहा गुण, प्रत्येकासाठी दोन फासे. मग नोकरीच्या चार-चार वर्षांच्या मुदती, आणि प्रत्येक मुदतीत टिकायचा एक फासा. नौदलात शिरायला दोन फासे टाकून, बुद्धिमत्तेची भर-घट धरून, ६ किंवा जास्त हवेत. आत तीन शाखा: जहाजावरचे कर्मचारी, इंजिनिअर-तोफची, आणि उड्डाण. पायलट व्हायचं तर उड्डाण शाखा, आणि तीच सगळ्यांत निसरडी. कर्मचाऱ्यांना टिकायला ५ पुरतात, इंजिनिअरला ६ लागतात, उड्डाणवाल्याला चपळाईवर ७. चपळाई मध्यम (६ ते ८) असेल तर दोन फाशांवर ७ किंवा जास्त पडायची शक्यता ३६त २१, म्हणजे ५८ टक्के. अशा तीन मुदती सलग निभावणारे शंभरात वीसच. चपळाई ९ ते ११ असली की एकाची भर पडते, तरी आकडा ३८च्या पुढं जात नाही. पायलट बनवायला बसलेल्या चौघांपैकी दोघे-तिघे बारा वर्षांच्या आत नौदलाबाहेर असतात, ते या गणितामुळं.

टिकायचा फासा चुकला की दुर्घटनांच्या तक्त्यावर एक फासा टाकायचा. त्यातले ३ आणि ४ हे आकडे आपल्या कामाचे. ३ पडला तर लढाईत जयपराजय तुमच्या हातात येतो आणि पायलट किंवा नौदल-डावपेच या कौशल्यावर ८ गाठावे लागतात. गाठले तर सन्मानानं निवृत्ती, शिवाय त्या मुदतीचा लाभही (नोकरी सोडताना मिळणारे पैसे किंवा वस्तू) हाती राहतो. हुकले तर जहाजाची नासधूस, दोष तुमचा, कोर्टमार्शल, घरी. ४ पडला तर सहकाऱ्यांचा जीव घेणाऱ्या अपघाताचं खापर तुमच्यावर फुटतं. आणि इथं नियम फार हुशार आहे. चूक खरंच तुमची असेल तर अपराधाच्या टोचणीनं तुम्ही जास्त घासता, म्हणून जाता जाता एक कौशल्य जास्त मिळतं. चूक तुमची नसेल तर ज्या अधिकाऱ्यानं आळ घेतला तो कायमचा शत्रू म्हणून पात्राच्या कागदावर चढतो, पण त्या मुदतीचा लाभ राहतो. दोषी कोण हे फासा सांगत नाही, ते टेबलावर ठरतं. दोन ओळींचा हा नियम पूर्ण पुस्तकात सर्वांत मोलाचा.

नवखे गट हमखास चुकतात तेही इथंच. ३ पडल्यावर ८ हुकले की रेफरी (खेळ चालवणारा) दयेपोटी ‘टाक परत’ म्हणतो. टाकू देऊ नका. बदनामी फाशानं आलेली असली तरच खेळाडू तिला चिकटतो. ठरवून घेतलेली बदनामी नुसती शोभेची राहते. दुसरी चूक म्हणजे दुर्घटना झाली की पात्र तिथंच थांबवणं. तसं करू नका. नोकरी गेलेल्याला भटक्या होण्यासाठी कसलाच फासा लागत नाही, आणि व्यापारी होण्यासाठी बुद्धिमत्तेवर ४ पुरतात, आधीच्या प्रत्येक नोकरीमागं एक वजा करून. एक-दोन मुदती तिकडं काढू द्या. वय ३४च्या पुढं गेलं की म्हातारपणाचा तक्ता लागू होतो आणि गुण झिजायला लागतात, म्हणून यापेक्षा लांबवू नका.

जुन्या आवृत्तीत हे इतकं सौम्य नव्हतं. टिकायचा फासा चुकला की पात्र तयार होता होताच मरायचं. अर्ध्या मुदतीत जखमी होऊन बाहेर पडायची सवलत पर्यायी नियम म्हणून होती. मरणात थरार आहे, पण आपल्या गोष्टीला तो निरुपयोगी. मेलेल्याची बदनामी कोण धुणार?

आता जहाज. व्यापारी नोकरीच्या लाभात ‘फ्री ट्रेडर’ हे २०० टनी जहाज मिळू शकतं, पण फुकट नाही. खालचे आकडे १९८१च्या जुन्या नियमांतले, कारण हिशोब तिथं सर्वांत स्वच्छ मांडला आहे. किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. २० टक्के आधी, मग किमतीचा २४०वा भाग दरमहा, ४८० महिने. हप्ता झाला १,५४,५००. पायलट ६,०००, इंजिनिअर ४,०००, स्ट्युअर्ड ३,०००, डॉक्टर २,०००, मिळून पगार १५,०००. एका उडीला (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडं झेप) आठवडा आणि बंदरात आठवडा, म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. दर उडीला २० टन आणि वीजयंत्राला महिन्याचे १० टन मिळून ५० टन इंधन, शुद्ध केलेलं ५०० रुपयांनी, चुकलो, क्रेडिटनी, म्हणून २५,०००. हवापाणी दर माणशी दर पंधरवड्याला २,०००, गोठवून झोपवून नेलेल्या स्वस्त प्रवाशाला १००. वार्षिक देखभालीचा महिन्याचा वाटा ३,०९० आणि बंदराचे किरकोळ २००.

जहाज गच्च भरलं, म्हणजे ८२ टन माल हजारानं, सहा उंची (महागड्या तिकिटाचे) प्रवासी दहा हजारांनी आणि वीस गोठवलेले प्रवासी हजारानं, तर दोन फेऱ्यांची आवक ३,२४,०००. खर्च २,४१,७९० जाऊन ८२ हजारांवर उरतात. तेच जहाज अर्धं रिकामं गेलं तर आवक १,६२,००० आणि खर्च सव्वादोन लाखांवर. महिन्याला ६५,७९०चा खड्डा. २०१२ला आणि पुन्हा २०१८ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर मांडवी-जुवारीवरच्या बार्जमालकांना बँकेचे हप्ते कसे बोचले, ते ज्या घरांनी पाहिलंय त्यांना या तक्त्याची फोड करून सांगावी लागणार नाही.

पैसे वाचवायचे तर वायूच्या महाकाय ग्रहावरून इंधन फुकट उपसता येतं, किंवा शुद्ध न केलेलं १०० क्रेडिट टनानं घेता येतं. महिन्याला २० हजारांची बचत. पण अशा इंधनावर उडी भरकटू शकते आणि जहाज ३६ पार्सेकपर्यंत (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) कुठंही फेकलं जाऊ शकतं, जिथून उडीला एकच पार्सेक कापणाऱ्या जहाजाला परतायला वर्षाहून जास्त लागावं. कोर्टमार्शल झालेला पायलट हप्त्यासाठी तसली उडी घेतो का, त्याच्या शेजारी बसलेला इंजिनिअर काय म्हणतो, यातून जी गोष्ट उभी राहते ती कुठल्याही छापील साहसकथेत नाही.

बदनामीला या विश्वात पायही आहेत. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारा संदेश नाहीच. बातमी जहाजानंच जाते. टपालाच्या नौका एका उडीत चार पार्सेक कापतात आणि ठाण्याठाण्यावर बदलत राहतात, म्हणून बातमी जवळपास आठवड्याला चार पार्सेक सरकते. तुमचं जहाज पंधरवड्याला एक. टपालमार्गावरच्या बंदरात शिरलात तर तुमची फाईल आधीच पोचलेली. मार्ग सोडून आडवळणाच्या ग्रहांवर गेलात तर काही महिने अनोळखी म्हणून जगता येतं, पण तिथं मालही कमी मिळतो. रेफरीनं नकाशावर टपालमार्ग लाल पेनानं ओढून ठेवावा, खेळाडू आपोआप त्याच्याकडं बघून वागायला लागतात.

आता तक्रार. अनुभवाचे गुण नाहीत, पातळ्या नाहीत, कौशल्य वाढायला आठवडेच्या आठवडे सराव लागतो, ते ठीक. पण मान परत मिळायची काहीच यंत्रणा पुस्तकात नाही. शत्रू कागदावर चढतो, उतरायचा कसा ते कुणी सांगत नाही. शिवाय नव्या आवृत्तीत व्यापाराचं ब्रोकर कौशल्य ३-४ असलेला एक गडी टोळीत आला की चार-दोन सौद्यांत कर्जाचा धाकच संपतो, आणि कर्ज गेलं की गोष्टीचा कणा गेला. सट्टेबाजीच्या मालाचे टन मर्यादित ठेवा, किंवा ब्रोकर २च्या वर नको असं आधीच ठरवून घ्या.

उरलेल्या कमतरतेवर एक साधा उपाय चालतो. पडताना हुकलेला फासा (‘पायलट ८+, पडले ५’) पात्राच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा. पुढं सात-आठ बैठकांनंतर तीच परिस्थिती आणायची: तेच कौशल्य, तेच ८, पण या वेळी पणाला दुसऱ्याचा जीव. पायलट २ आणि चपळाईचा १ धरून ५ पडले तरी पुरतात, शक्यता ८३ टक्के. म्हणजे पडण्याची भीती उरते, पण घाम गाळल्याचं फळही दिसतं. पुन्हा हुकला तर हुकला. साक्षीदार म्हणून तोच शत्रू अधिकारी जवळपास असेल असं बघा. त्याचा अहवाल काय जातो यावर पुढचे दोन महिने निघतात.

गोव्यात खेळायचं तर सामान फार नाही. साधे सहापैलू फासे दोन, तेही लुडोच्या डब्यातले चालतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतील. परदेशातून जाड पुस्तक मागवण्यापेक्षा पीडीएफ घ्या; १९८१च्या नियमांची डिजिटल प्रत तर फुकट मिळते. नौदलाचा, भटक्याचा आणि व्यापाऱ्याचा तक्ता, एवढीच पानं झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंटवर काढा. इंकजेटची शाई जुलैच्या दमट हवेत बोटाला लागते. जहाजाच्या हिशोबाचा कागद लॅमिनेट करून वर मार्करनं लिहा, महिना संपला की पुसा. वीज गेली तरी खेळ थांबत नाही, ही पावसाळ्यातली मोठी सोय. इंग्रजी संज्ञांची अडचण वाटते तितकी होत नाही, आणि घरात कुणी तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असेल तर साइन-ऑफ, डिस्चार्ज-बुक, बंदराचे पैसे हे शब्द कुणाला शिकवावे लागत नाहीत.

पात्रं बनवायला चौघांना एक आख्खी दुपार द्या आणि त्या दिवशी दुसरं काही खेळू नका. हिशोबाचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी हा खेळ घेऊ नये. हप्ता वगळून खेळला तर उरतो तो कुठल्याही अंतराळखेळासारखाच, आणि तसे याहून सोपे पुष्कळ आहेत.